गोवा ट्रान्स : ऐकावेत असे जुने-नवे संच

गोव्याचे नाव जगाच्या कानाकोपऱ्यांत नेणाऱ्या गोष्टींत एका संगीतप्रकाराचाही समावेश करावा लागतो. ‘गोवा ट्रान्स’ या नावाने ओळखले जाणारे हे इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत तेल अवीव, टोकियो, लंडन, लिस्बन अशा शहरांत तीन दशके वाजत आहे. त्याचे संग्राहक आहेत, जाणकार आहेत, त्याच्या उपप्रकारांवरून हिरिरीने वाद घालणारेही आहेत. ज्या राज्याचे नाव हे संगीत मिरवते, तेथील बहुसंख्य रसिकांच्या वाट्याला मात्र ते खिडकीची तावदाने हादरवणारी उत्तररात्रीची धडधड म्हणूनच आले. ते शांतपणे, मन लावून ऐकण्याची संधी क्वचितच कोणाला मिळाली. गेल्या काही वर्षांत जुन्या संचांची पुनःप्रकाशने झाली, नव्या पिढीच्या कलावंतांनी तीच शैली पुन्हा हाती घेतली आणि यातील बराचसा ठेवा बँडकॅम्पसारख्या संगीतविक्रीच्या ठिकाणी घरबसल्या ऐकता येऊ लागला. त्यामुळे या प्रकाराची घडण, त्याचा इतिहास आणि त्यातील ऐकण्याजोगे संच यांची ओळख करून घेणे आता सोपे झाले आहे.

घडण

गोवा ट्रान्सची लय मिनिटाला साधारण १३५ ते १५० ठोक्यांची असते. चार मात्रांच्या आवर्तनात प्रत्येक मात्रेवर खर्जातला एक जड ठोका पडतो आणि त्या दोन ठोक्यांमधील पोकळी खर्जस्वरांची बारीक चौपट भरून काढते. या अखंड चालणाऱ्या पायावर सुरावटींचे थर एकावर एक चढत जातात. एक सुरावट आठ किंवा सोळा आवर्तने फिरत राहते, तिच्यात दुसरी मिसळते, पहिली हळूहळू विरते. रचना सहसा सात ते दहा मिनिटांची असते. गायन जवळजवळ नसतेच. असलीच तर एखाद्या विज्ञानपटातील संवादाची एखादी ओळ, तीही यंत्रातून फिरवून घेतलेली.

या संगीताला त्याचा खास चरचरीत, पिळवटणारा आवाज दिला तो रोलँड या जपानी कंपनीच्या टीबी-३०३ या छोट्याशा यंत्राने. १९८१ साली ते बाजारात आले तेव्हा गिटारवादकाला सोबतीसाठी बेस गिटारचा पर्याय द्यावा, एवढाच त्याचा हेतू होता. तो साधला नाही आणि १९८४ पर्यंत त्याचे उत्पादन थांबले. पडेल भावात विकले जाणारे हे यंत्र शिकागोच्या तरुणांच्या हाती पडले. चाव्या फिरवून आवाजाचा पोत चालू वादनातच बदलता येतो, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येते, हे त्यांच्या ध्यानात आले. फ्यूचर या त्रयीची १९८७ सालची ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ ही ध्वनिमुद्रिका त्यातूनच निघाली. ‘अ‍ॅसिड हाऊस’ हा प्रकार तिच्यापासून सुरू झाला असे मानतात आणि गोवा ट्रान्सचा एक मोठा प्रवाह तेथूनच येतो.

स्वरांच्या बाजूने पाहिले तर मराठी कानाला येथे काही ओळखीचे लागते. या प्रकारातील पुष्कळ सुरावटी कोमल ऋषभ, शुद्ध गंधार, शुद्ध मध्यम, कोमल धैवत आणि कोमल निषाद अशा स्वरांवर बेतलेल्या असतात. हे बसंत मुखारीचे स्वर. निषाद शुद्ध केला की भैरवाचे. पश्चिम आशियात याच स्वरसमूहाला हिजाज म्हणतात आणि इस्रायली कलावंतांनी तो प्रामुख्याने तेथूनच उचलला. त्यामुळे या संगीतात राग आहेत असे म्हणण्याची घाई करू नये. येथे चलन नाही, न्यास नाही, स्वरांचे परस्परांतले नाते उलगडण्याची निकडही नाही. आहे ती स्वरांची एक चौकट आणि तिच्यावर फिरणारा नमुना. वेष्टनांवरील ओंकार, शंकराची चित्रे आणि रचनांना दिलेली संस्कृत नावे यांचेही तसेच. त्यांतली थोडी श्रद्धेतून आली असतील, बरीचशी मात्र सजावट आहे.

हणजूण ते लंडन

१९६० च्या दशकाच्या अखेरीस युरोप-अमेरिकेतील भटके तरुण कळंगूट, हणजूण, वागातोर या बार्देशातील किनाऱ्यांवर येऊ लागले. त्यांच्या मेळाव्यांतले संगीत आरंभी गिटार-ड्रमचे, रॉकच्या वळणाचे होते. १९८० नंतर ते बदलत गेले. गिटार-ड्रमच्या जागी सिंथेसायझर आले, ते वाद्यवृंदातून नव्हे, कॅसेटमधून. जर्मनीचा क्राफ्टवर्क, स्वित्झर्लंडचा येलो, बेल्जियमचा फ्रंट २४२ अशा वृंदांच्या ध्वनिमुद्रिका प्रवाशांच्या पिशव्यांतून येथे पोहोचल्या. लोराँ नावाचा एक फ्रेंच वादक या काळातला महत्त्वाचा मानला जातो. पाश्चात्त्य गाण्यांतला गायनाचा भाग कापून टाकायचा, वाद्यांचे तुकडे जोडून लांबवायचे आणि दोन कॅसेट यंत्रांवर रात्रभर वाजवायचे, ही त्याची रीत. शब्द गेले, नमुना उरला. गोवा ट्रान्सचे पुढचे रूप या कात्रीतच दडलेले होते.

याच वर्तुळातले सर्वांत परिचित नाव गोवा गिल यांचे. कॅलिफोर्नियात १९५१ साली जन्मलेले गिल्बर्ट लेव्ही कोवळ्या वयात भारतात आले, जुन्या आखाड्याची दीक्षा घेऊन साधू झाले आणि पुढे चोवीस-चोवीस तास सलग संगीत वाजवण्यासाठी ख्यात झाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा जगभरातील नियतकालिकांनी मृत्युलेख छापले.

रात्रीच्या या मेळाव्यांची एक दुसरी बाजूही होती. नाचणाऱ्यांच्या वर्तुळाबाहेर गावातल्या बायका चटया अंथरून, रॉकेलच्या दिव्यांच्या उजेडात चहा, ऑम्लेट आणि पाव विकत. पहाटेपर्यंत चालणाऱ्या या विक्रीवर अनेक घरांचा हंगाम निभावला. संगीताच्या इतिहासात मात्र त्यांचा उल्लेख एखाद्या रम्य तपशिलापुरता येतो; आणि १९९० च्या दशकातील नावाजलेल्या संचांच्या श्रेयनामावलीत गोमंतकीय नाव आढळणे फार कठीण. मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील वाद्यवृंद ज्या गोमंतकीय वादकांनी आणि संयोजकांनी उभे केले, त्यांच्या भूमीच्या नावाने चालणाऱ्या संगीतात त्यांचे वारस नसावेत, ही बाब खटकणारी आहे. यंत्रे महाग होती, ती परदेशातून येत, आणि ध्वनिमुद्रणाचे स्टुडिओ लंडनमध्ये होते, एवढे कारण त्यामागे पुरेसे आहे.

डॅट फितीचा परिणाम

गोवा ट्रान्सच्या रचना इतक्या लांब का, आणि त्यांच्या आरंभी व शेवटी ठोका नसलेला तरल भाग का असतो, याचे उत्तर सौंदर्यविचारापेक्षा हवामानात अधिक आहे. युरोपातील क्लबमध्ये वादक व्हिनाइलच्या तबकड्या वापरत. दोन तबकड्यांचा वेग जुळवून एक रचना दुसरीत बेमालूम मिसळायची, हे त्यांचे कसब. गोव्याच्या उन्हात आणि वाळूत तबकड्या वाकत, चरे पडत. शिवाय त्यांचे ओझे विमानातून आणायचे म्हणजे खर्च. त्यामुळे आधी कॅसेट आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस डॅट ही छोटी डिजिटल फीत येथे रुळली. डॅटचा आवाज स्वच्छ, फीत काडेपेटीहून थोडी मोठी. परंतु त्या काळच्या सर्वसाधारण डॅट यंत्रांवर वेग कमीजास्त करण्याची सोय नव्हती. ठोके जुळवून मिसळणे जवळजवळ अशक्य. मग एक रचना विरत असताना दुसरीचा लयहीन आरंभ तिच्यावर चढवायचा, हाच मार्ग उरला.

या मर्यादेला अनुसरून संगीतकार रचना बांधू लागले. प्रत्येक रचना स्वतंत्र प्रवास झाली : धूसर आरंभ, हळूहळू येणारा ठोका, मध्यंतरी विसावा, पुन्हा चढण आणि शेवटी विरणे. डॅटमुळे आणखी एक प्रथा पडली. लंडनच्या स्टुडिओत तयार झालेली रचना प्रकाशित होण्याच्या कितीतरी आधी फितीवरून थेट वागातोरच्या डिस्को व्हॅलीत वाजे, आणि वादक आपापसांत फितींची देवाणघेवाण करीत. अनेक रचना कधी प्रकाशितच झाल्या नाहीत. आज लहान कंपन्या अशा फिती शोधून त्यांवरील संगीत प्रकाशित करीत आहेत, त्याचे मूळ या देवघेवीत आहे.

ऐकण्याचा क्रम

१९९३ ते १९९८ ही या प्रकाराची बहराची वर्षे. किलिंग जोक या रॉक वृंदातील यूथ, म्हणजे मार्टिन ग्लोव्हर, यांनी लंडनमध्ये ड्रॅगनफ्लाय ही कंपनी काढली. पाठोपाठ टिप, फ्लाइंग ऱ्हायनो, ब्लू रूम रिलीज्ड आणि सुयोशी सुझुकी यांची मात्सुरी प्रॉडक्शन्स आल्या. १८ डिसेंबर १९९४ रोजी पॉल ओकनफोल्ड यांचा ‘गोवा मिक्स’ हा दोन तासांचा कार्यक्रम बीबीसी रेडिओ वनवरून प्रसारित झाला. त्याने हे संगीत ब्रिटनच्या घराघरांत नेले. व्हँगेलिस यांच्या चित्रपटसंगीताचे तुकडे आणि ट्रान्सच्या रचना त्यात शेजारी ठेवल्या आहेत. नवख्या श्रोत्याला प्रारंभ म्हणून हा कार्यक्रम सोयीचा आहे, कारण त्यात धडधडीबरोबर विश्रांतीही आहे.

एकच संच ऐकायचा असेल तर तो हॅल्युसिनोजेनचा ‘ट्विस्टेड’ (१९९५). हॅल्युसिनोजेन म्हणजे सायमन पोसफर्ड हा इंग्लिश ध्वनितंत्रज्ञ. यूथच्या स्टुडिओत काम शिकला आणि विशीतच त्याने हा संच केला. प्रत्येक आवाजाला जागा आहे, एकही थर दुसऱ्याला झाकत नाही, आणि सुरावट सतत बदलत असूनही लयीचा धागा सुटत नाही. तीस वर्षांनंतरही त्याच्या ध्वनिमुद्रणाची सफाई अचंबित करते. दोन वर्षांनी आलेला ‘द लोन डिरेंजर’ अधिक खट्याळ, अधिक वाकडा; तो दुसऱ्या फेरीसाठी राखून ठेवावा.

मॅन विथ नो नेम या नावाने मार्टिन फ्रीलँड यांनी केलेला ‘मोमेंट ऑफ ट्रुथ’ (१९९६) हा सर्वांत गेय. येथील सुरावटी गुणगुणता येतात, आणि कदाचित म्हणूनच काही कट्टर चाहते त्याला हलका समजतात. तो समज ग्राह्य धरण्याचे कारण नाही. अ‍ॅस्ट्रल प्रोजेक्शन या इस्रायली जोडीचा ‘डान्सिंग गॅलक्सी’ (१९९७) हिजाजच्या छायेतील सुरावटींसाठी ऐकावा. सक्तीची लष्करी सेवा संपवून भारतभ्रमणाला निघणारे इस्रायली तरुण आणि १९९२ साली दोन्ही देशांत प्रस्थापित झालेले पूर्ण राजनैतिक संबंध, ही या संगीताची सामाजिक पार्श्वभूमी. इटलीच्या प्लियाडियन्सचा ‘आय. एफ. ओ.’ (१९९७) मात्र जपून. इतके थर, इतका वेग की अनेकांना तो गोंगाट वाटतो. चांगल्या हेडफोनवर, तुकड्यातुकड्याने ऐकल्यास त्यातील वीण दिसू लागते.

बेन वॉटकिन्स यांच्या जूनो रिअ‍ॅक्टरचे ‘ट्रान्समिशन्स’ (१९९३) आणि ‘बायबल ऑफ ड्रीम्स’ (१९९७) एकापाठोपाठ ऐकले की चार वर्षांत हा प्रकार किती अंतर चालून गेला ते कळते. वॉटकिन्स पुढे ‘मेट्रिक्स’ चित्रपटमालिकेच्या संगीतातही सहभागी झाले. जर्मनीच्या एक्स-ड्रीमचा ‘रेडिओ’ (१९९८) हा वळणाचा दगड : सुरावट आटली, खर्ज कोरडा आणि काळोखा झाला. येथून पुढच्या संगीताला ‘सायट्रान्स’ म्हणण्याची प्रथा आहे आणि आज गोव्यात या नावाखाली वाजते ते बहुतांशी हेच.

ज्यांना ठोकाच नको, त्यांच्यासाठी श्पाँगल. पोसफर्ड आणि बासरीवादक राजा राम यांचा हा उपक्रम. राजा राम म्हणजे ऑस्ट्रेलियाचे रोनाल्ड रॉथफील्ड, लंडनच्या क्विंटेसन्स या जुन्या वृंदातले. भारतात पाहिलेल्या सूर्यग्रहणाच्या अनुभवातून त्यांच्या पहिल्या रचनेची कल्पना सुचली. ‘आर यू श्पाँगल्ड?’ (१९९८) हा त्यांचा पहिला संच मंद लयीचा असून बासरी, मानवी आवाज आणि यंत्र यांचे त्यातील मिश्रण आजही ताजे आहे.

मुंबई आणि अहमदाबाद

या इतिहासाला भारतीय हातांनी लिहिलेली दोन पाने जोडावी लागतात आणि दोन्ही अलीकडेच उजेडात आली. पहिले चरणजित सिंग यांचे. मुंबईच्या चित्रपट स्टुडिओंत गिटार आणि सिंथेसायझर वाजवणाऱ्या या वादकाने १९८२ साली टीबी-३०३, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर एकमेकांना जोडून दहा राग वाजवले. ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही एचएमव्हीने काढलेली तबकडी खपली नाही. २०१० साली एका डच कंपनीने तिचे पुनःप्रकाशन केले, तेव्हा युरोपातील जाणकार थक्क झाले : शिकागोच्या पाच वर्षे आधी तोच आवाज! सिंग ‘अ‍ॅसिड हाऊस’चे जनक असल्याचे मथळे मग झळकले. ते खरे नाहीत. शिकागोच्या मुलांनी ही तबकडी ऐकली नव्हती, आणि तिच्यातून कोणती परंपराही निघाली नाही. पण म्हणून तिचे मोल घटत नाही. टीबी-३०३ चा स्वरावरून स्वरावर घसरण्याचा गुण मींडेला सोयीचा आहे, हे सिंग यांनी आपल्या कानाने हेरले होते. ललत, तोडी, मालकंस या रचना रागसंगीताच्या श्रोत्याने अवश्य ऐकाव्यात. विस्तार फार नाही, ताल अथकपणे तोच, तरी रागाची ओळख कोठेही पुसत नाही. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत सिंग यांना परदेशात मंचावर वाजवण्याची संधी मिळाली. जुलै २०१५ मध्ये ते मुंबईत वारले.

दुसरे पान त्याहून जुने. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या साहाय्याने इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा राहिला आणि त्यात मूग सिंथेसायझर बसवण्यात आला. गीता साराभाई, आय. एस. माथूर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी तेथे केलेले प्रयोग फितींवर पडून राहिले. ब्रिटिश कलावंत पॉल पर्गस यांनी ते शोधून काढले आणि २०२३ साली ‘द एनआयडी टेप्स : इलेक्ट्रॉनिक म्युझिक इन इंडिया १९६९–१९७२’ हा संच प्रकाशित झाला. या यादीतील सर्वांत महत्त्वाचे नवे प्रकाशन हेच. शर्मा यांच्या रचनांना तर ‘डान्स म्युझिक’ असेच नाव आहे. जोशीपुरांची ‘स्पेस लायनर २००१’ ऐकताना हे संगीत अहमदाबादेत, साबरमतीच्या काठी तयार झाले यावर विश्वास बसत नाही. सगळेच तुकडे रंजक नाहीत. काही निव्वळ यंत्र हाताळून पाहण्याचे आहेत. मात्र नवे वाद्य प्रथमच हाती आल्याचे कुतूहल त्यांत स्पष्ट ऐकू येते.

नव्या पिढीचे संच

२००० च्या सुमारास जुन्या शैलीचा भर ओसरला होता. तिला पुन्हा उभारी दिली ती २००४ साली बेल्जियममध्ये निघालेल्या सनट्रिप रेकॉर्ड्सने. स्वीडनच्या फिल्टेरियाचा ‘स्काय इनपुट’ (२००४) आणि फ्रान्सच्या खेत्झालचा ‘कोरोल’ (२००५) हे तिचे आरंभीचे संच. फिल्टेरियात आम्लधर्मी, चरचरीत आवाजांची गर्दी आहे. खेत्झाल त्यामानाने हळवा, सुरावटीला मोकळी जागा देणारा. दोहोंत ‘कोरोल’ अधिक टिकाऊ वाटतो. संगणकामुळे आता महागड्या यंत्रांची गरज उरलेली नाही, त्यामुळे या शैलीत रचना करणारे अनेक देशांत आहेत. पोर्तुगालमध्ये १९९७ पासून भरणाऱ्या बूम महोत्सवात त्यांतले कित्येक वाजवतात. साडेचारशे वर्षे गोव्यावर राज्य केलेल्या देशात गोव्याचे नाव पुन्हा पोहोचले, ते या वाटेने. नावापुरती फसगत मात्र टाळावी : ‘अंजुनाबीट्स’ ही ब्रिटिश कंपनी हणजूणचे नाव लावते, पण तिचे संगीत वेगळ्या, अधिक लोकप्रिय वळणाच्या ट्रान्सचे आहे.

ध्वनी आणि गाव

मुळात हे संगीत उघड्या आकाशाखालच्या एका रात्रीसाठी घडले. मध्यरात्री जड आणि काळोख्या रचना, पहाट होऊ लागली की सुरेल, उजळ रचना, असा तिचा क्रम असे. रागसमयाची कल्पना जाणणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. ध्वनिप्रदूषणाविषयीच्या २००० सालच्या केंद्रीय नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास बंदी घातली, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली ती उचलून धरली. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबलची आहे. त्यामुळे हा क्रम मोडला, असे या संगीताचे चाहते खेदाने सांगतात. वागातोर-हणजूणच्या रहिवाशांचा अनुभव उलट आहे. नियम असूनही रात्रीची झोप मिळत नाही, अशा त्यांच्या तक्रारी न्यायालयापर्यंत गेल्या आहेत. खर्जातील ध्वनिलहरी लांब पल्ल्याच्या असतात. भिंती आणि झाडी त्यांना फारशा अडवू शकत नाहीत. मैलभर दूरच्या घरात सुरावट ऐकू येत नाही, ठोका तेवढा पोहोचतो, आणि शेजाऱ्याच्या वाट्याला संगीत येतच नाही. त्यातच अमली पदार्थांच्या व्यापाराची सावली या मेळाव्यांवर सुरुवातीपासून राहिली. तिने कित्येक घरे उद्ध्वस्त केली. या संगीताविषयी गोव्यात जी अढी आहे ती निराधार नाही.

हेच संच घरी ऐकताना छोट्या मोबाइलच्या ध्वनिवर्धकाचा उपयोग नाही. त्यातून खर्ज जातो आणि उरते ती किरकिर. बेताच्या आवाजात, साध्या पण बऱ्या हेडफोनवर, एका वेळी एकच रचना पूर्ण ऐकावी.

या ठेव्याचा मोठा भाग अजून फितींवर आहे. डॅट यंत्रांचे उत्पादन सोनीने २००५ साली बंद केले; चालू स्थितीतील यंत्रे आणि ती दुरुस्त करणारे हात दोन्ही कमी होत आहेत. चुंबकीय फितीला दमट हवेत बुरशी लागते, आणि किनाऱ्यावरच्या घरात पावसाळा चार महिन्यांचा असतो.